ऑइल न बघता ऑइलचा हिशेब

काही नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक ओळ दिसते : ‘ऑइल लाइफ ३८ टक्के’. काही दिवसांनी ती ३१ होते, मग २०, आणि शेवटी ‘ऑइल बदला’ असा दिवा लागतो. हा आकडा बघून आपल्याला वाटतं की इंजिनाच्या तळाशी ऑइलमध्ये एखादा सेन्सर बुडवून ठेवलाय, तो ऑइल तपासतो आणि किती टक्के चांगलं उरलंय ते वर कळवतो.

बहुतेक गाड्यांत असं काही नसतं. गाडीने ऑइलची तपासणी कधी केलेलीच नसते. ती नोंद ठेवते ती तुम्ही गाडी कशी चालवलीत याची, आणि त्यावरून ऑइलची अवस्था काय असेल याचा अंदाज बांधते. तरीही हा अंदाज ‘दर इतक्या किलोमीटरला बदला’ या जुन्या ठोकताळ्यापेक्षा सहसा बरा निघतो. कसा, ते आज बघू.

उदाहरणाला रस्ता घेऊ जव्हार-मोखाड्याचा. तो मुद्दाम निवडलाय. एक तर घाट, वळणं, उन्हाळ्यातला फुफाटा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे या पद्धतीची गृहीतकं इथे चांगलीच ताणली जातात. दुसरं म्हणजे इथल्या बहुतांश जीप, पिकअप आणि दुचाकींना ही सोयच नाही, आणि इथे इंजिन बसलं तर ते नुसतं गॅरेजचं बिल नसतं. पाड्यावरून बाजाराला, कॉलेजला, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आणि तिथून पुढे नाशिकला पाठवलं तर नाशिकला माणसं नेणारी गाडी बंद पडलेली असते.

तुमच्यापैकी बरेच जण पेट, नेट-सेटची तयारी करताय. ‘थेट मोजता येत नाही ती गोष्ट कशी मोजायची?’ हा प्रश्न तुमचा विषय कोणताही असला तरी समोर येणार आहे. तो समजून घ्यायला इंजिन ऑइलइतकं सोपं उदाहरण क्वचितच सापडतं.

ऑइल ‘खराब’ होतं म्हणजे काय होतं?

इंजिन ऑइल म्हणजे मुख्यतः हायड्रोकार्बनचं बेस ऑइल आणि त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. ऑइल ‘संपतं’ असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा बेस ऑइल शाबूत असतं, संपलेली असतात ती अ‍ॅडिटिव्ह. एकाच वेळी चार-पाच गोष्टी चालू असतात.

पहिली, ऑक्सिडेशन. गरम ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्यातून आम्ल आणि चिकट पदार्थ तयार होतात. यासाठी रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की अशा अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. याच्या मुळाशी आरेनियसचं १८८९ मधलं समीकरण आहे. बारावीत तुम्ही ते पाठ केलेलं आहेच.

दुसरी, ज्वलनातून येणारी घाण. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली ऑइलकडे झिरपतो. त्यात काजळी असते, नायट्रोजनची ऑक्साइडं असतात, न जळलेलं इंधन असतं आणि पाण्याची वाफ असते. पाण्याचं प्रमाण किती, हे स्वतः काढून बघा. ऑक्टेनचं समीकरण मांडलं तर ११४ ग्रॅम ऑक्टेन जळून १६२ ग्रॅम पाणी बनतं. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! त्यातलं जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण इंजिन थंड असेल तर खाली झिरपलेली थोडी वाफ ऑइलमध्येच थिजते.

तिसरी, आम्ल मारणारा साठा संपणं. ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूंची क्षारधर्मी संयुगं मुद्दाम घातलेली असतात. ती आम्लाला उदासीन करत करत स्वतः खर्च होतात. हा साठा किती उरलाय ते ‘टोटल बेस नंबर’, म्हणजे टीबीएन, या चाचणीने कळतं.

चौथी, झीज रोखणारी रसायनं खर्च होणं. यातलं सर्वांत परिचित म्हणजे झेडडीडीपी, जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. ते धातूवर पातळ संरक्षक थर बनवतं आणि ऑक्सिडेशनलाही आवर घालतं.

पाचवी, दाटपणा बदलणं. इंधन मिसळलं की ऑइल पातळ होतं, काजळी आणि ऑक्सिडेशन वाढलं की घट्ट होतं.

यात एक मेख आहे. अ‍ॅडिटिव्ह शिल्लक आहेत तोवर ऑइल वरून ठणठणीत दिसतं. कणगीतलं भात तळाला गेलेलं बाहेरच्याला कळत नाही, रोज चूल पेटतेय एवढंच दिसतं. तसंच इथे. साठा संपला की मग ऑक्सिडेशन एकदम वेग घेतं. म्हणून नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करत असतं.

किलोमीटर का पुरत नाहीत?

आता दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. एक नाशिक-मुंबई महामार्गावर एका वेगात धावते. दुसरी जव्हार गावातच फिरते : सकाळी दुकान, मग बँक, मग शाळा, दर वेळी दोन-दोन किलोमीटर. दोघींचे ५,००० किलोमीटर झाले. ऑइल सारखंच खराब झालं असेल का?

नाही. दुसऱ्या गाडीचं ऑइल बहुधा वाईट अवस्थेत असेल. ऑइल तापायला इंजिनातल्या पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा जागेवर आला तरी ऑइल अजून कोमटच असू शकतं. दोन किलोमीटरच्या फेरीत ते पुरेसं तापतच नाही, त्यामुळे त्यात आलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून ताकासारखा पांढरट चिकटा दिसतो, तो बरेचदा याचाच पुरावा असतो.

म्हणजे ऑइलला अति उष्णता सोसत नाही आणि अति थंडपणाही सोसत नाही. मधला पट्टा त्याला मानवतो : पाणी उडून जाईल इतकं गरम, पण ऑक्सिडेशन भडकणार नाही इतपतच. किलोमीटरच्या आकड्यात यातलं काहीच उमटत नाही.

खरं तर हे आपल्याकडे नवं नाही. ट्रॅक्टरचं ऑइल कुणी किलोमीटरवर बदलत नाही. शेतात नांगर ओढताना अंतर कमी आणि काम जास्त असतं, म्हणून ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो आणि सर्व्हिस तासांवर ठरते. जनरेटरचंही तसंच, तो तर जागचा हलतच नाही. ‘अंतर मोजू नका, काम मोजा’ हा विचार त्यात आधीपासून आहे. गाड्यांतल्या पद्धतीने तो एक पाऊल पुढे नेला.

फेऱ्या गुणिले दंड

१९८०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी हा प्रश्न हातात घेतला. त्यांचा शोधनिबंध १९८७ चा, पेटंट १९८८ चं. वेगवेगळ्या प्रकारे चालवलेल्या गाड्यांमधलं ऑइल प्रयोगशाळेत तपासायचं आणि त्याची घसरण गाडीत सहज मोजता येणाऱ्या कोणत्या गोष्टींशी जुळते ते शोधायचं, असा तो मार्ग होता.

त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या : इंजिनाच्या फेऱ्या आणि ऑइलचं तापमान. फेऱ्या का? कारण चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, आणि प्रत्येक स्फोट थोडी घाण ऑइलमध्ये टाकतो. तापमान का, ते वर पाहिलंच.

मग हिशेब असा. ऑइल नवं असताना गाडीच्या कॉम्प्युटरकडे फेऱ्यांचा एक ठरावीक साठा असतो. इंजिन फिरेल तसा त्यातून वजा होत जातो. पण प्रत्येक फेरी सारखी मोजली जात नाही. ऑइल मधल्या पट्ट्यात असेल तर एक फेरी म्हणजे एक. ऑइल फार थंड किंवा फार गरम असेल तर त्या फेरीला दंडाचा गुणक लागतो आणि ती दोन, तीन किंवा त्याहून जास्त म्हणून वजा होते. उरलेला साठा भागिले मूळ साठा, म्हणजे डॅशबोर्डवरचे टक्के.

बस, एवढंच. ऑइलला हातही न लावता.

काही गाड्यांत तर ऑइलचं तापमानही थेट मोजत नाहीत. पाण्याचं तापमान, इंजिनावरचा भार आणि चालू होऊन किती वेळ झाला यावरून तेही अंदाजानेच काढतात. म्हणजे अंदाजावर अंदाज. आणि इतकं असूनही काळाची एक मर्यादा वर ठेवलेली असते. गाडी फारशी न चालवलेली असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदला, असं कंपन्या सहसा सांगतात.

घाटातलं गणित

आता हे जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर लावून बघू. खालचे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, रीत कळावी म्हणून सोयीचे धरलेत. समजा, साठा आहे २ कोटी फेऱ्यांचा.

सपाट महामार्ग : टॉप गिअर, ताशी ६० किलोमीटर, इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्या. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून एका किलोमीटरला २,००० फेऱ्या. १०० किलोमीटरला २ लाख. ऑइल मधल्या पट्ट्यात, गुणक १. साठ्यातला १ टक्का गेला. या हिशेबाने ऑइल १०,००० किलोमीटर टिकेल.

घाट : दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० ने चढताना इंजिन त्याच २,००० फेऱ्यांवर असलं तरी एक किलोमीटरला तीन मिनिटं लागतात. म्हणजे किलोमीटरला ६,००० फेऱ्या! सगळा रस्ता असा नसतो, म्हणून जरा सौम्य धरू. १०० पैकी ४० किलोमीटर चढ-वळणांचे, किलोमीटरला ५,००० फेऱ्या, म्हणजे २ लाख. उरलेले ६० बरे, किलोमीटरला ३,००० फेऱ्या, म्हणजे १ लाख ८० हजार. चढावर माणसं आणि सामान भरलेली गाडी तापते, म्हणून पहिल्या भागाला गुणक दीड : ३ लाख. एकूण ४ लाख ८० हजार. साठ्यातले २.४ टक्के गेले. ऑइल टिकेल सुमारे ४,२०० किलोमीटर.

गावातल्या गावात : दोन-दोन किलोमीटरच्या पन्नास फेऱ्या, किलोमीटरला ३,००० फेऱ्या, म्हणजे ३ लाख. ऑइल थंडच, म्हणून गुणक ३ : ९ लाख. गेले साडेचार टक्के. ऑइल टिकेल सुमारे २,२०० किलोमीटर.

मीटरवर तिन्ही ठिकाणी तेच १०० किलोमीटर, पण ऑइलचा खर्च एकपट, सुमारे अडीचपट आणि साडेचारपट. हातात कागद घेऊन गुणक बदलून बघा. दीडच्या जागी सव्वा धरला, तीनच्या जागी दोन धरला, तरी क्रम तोच राहतो, आकडे मात्र बरेच हलतात. मॉडेलच्या कोणत्या निष्कर्षावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्यावर जपून, हे ओळखायची ही सोपी कसोटी. तुमच्या प्रबंधात हिलाच ‘संवेदनशीलता विश्लेषण’ म्हणाल.

उतारावर हिशेब कुठे चुकतो?

चढलेली गाडी उतरतेही. उतारावर शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवतो, म्हणजे ब्रेकवर ताण येत नाही. इंजिन जोरात फिरतं, पण पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो. अशा वेळी आधुनिक इंजिन इंधन जवळपास पूर्ण बंद करतं. फेऱ्या आहेत, स्फोट नाहीत, म्हणजे घाणही नाही.

फेऱ्या मोजणारी पद्धत मात्र इथेही साठा वजा करत राहते. ती ऑइलला खऱ्यापेक्षा जास्त खराब समजते.

बीएमडब्ल्यूने जुन्या काळी वेगळा रस्ता धरला होता : जळलेलं इंधन मोजायचं. ही पद्धत उतारावर काहीच वजा करणार नाही आणि चढावर भरपूर करेल. घाटापुरतं बघाल तर ही जास्त न्याय्य वाटते. पण लिटरभर इंधन थंड इंजिनात जळलं की गरम, हा फरक निव्वळ इंधनाच्या आकड्यातून कळत नाही, आणि जव्हारमधल्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी नेमका तोच महत्त्वाचा आहे.

दोघींतली खरी कोणती? दोन्ही नाहीत. दोन्ही ‘ऑइलची अवस्था’ या न दिसणाऱ्या गोष्टीच्या सावल्या आहेत. वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकला तर सावलीचा आकारही वेगळा पडतो. तेव्हा विचारायचं ते असं : चूक कोणत्या बाजूला होतेय, आणि त्या बाजूची चूक परवडते का? उतारावर फेऱ्या जास्त मोजल्या तर ऑइल थोडं लवकर बदललं जाईल. उलट्या बाजूची चूक इंजिनाला भोवते.

मग सेन्सरच का बसवत नाहीत?

बसवलेले आहेत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मर्सिडीज-बेंझने ऑइलचा डायलेक्ट्रिक स्थिरांक पाहणारा सेन्सर वापरला. ताज्या ऑइलचा हा स्थिरांक २ च्या थोडा वर असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. ऑइलमध्ये पाणी, आम्लं किंवा काजळी आली की आकडा वर सरकतो.

ऐकायला छान आहे. पण इंधन मिसळलं तर तोच आकडा किंचित खाली येतो. समजा एकाच ऑइलमध्ये ऑक्सिडेशनही झालंय आणि इंधनही मिसळलंय. एकाने आकडा वर गेला, दुसऱ्याने खाली आला. सेन्सर म्हणेल, सगळं ठीक. ऑइल मात्र दोन्ही बाजूंनी बिघडलेलं.

थेट मापन म्हणजे आपोआप अचूक, असं नसतं. एका आकड्यात पाच कारणं मिसळलेली असतील तर त्या आकड्यावरून कारण ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत म्हणूनच एका चाचणीवर थांबत नाहीत. १०० अंशांवरचा दाटपणा, टीबीएन, आम्लांक, इन्फ्रारेड वर्णपट, झिजलेल्या धातूंचं प्रमाण, असं सगळं शेजारी ठेवून वाचतात. टीबीएन उतरत येतो, आम्लांक चढत जातो, आणि दोघे एकमेकांना छेदतात तिथे ऑइल बदलायची वेळ झाली, असा एक वापरातला संकेत आहे.

हिशेबात नसलेल्या गोष्टी

कोणतंही मॉडेल वाचताना त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी शोधा. इथे काय नाही?

धूळ नाही. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे की ही पद्धत ऑइलमधली धूळ ओळखत नाही, म्हणून धुळीच्या भागात ५,००० किलोमीटरला किंवा त्याआधी दिवा लागला तर तेव्हाच ऑइल बदलावं. मार्च ते मे या काळात पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर पुढच्या गाडीमागे जो लाल फुफाटा उठतो तो फेऱ्यांनाही कळत नाही आणि तापमानालाही. तिथे एअर फिल्टर हाच पहिला पहारेकरी.

पातळी नाही. ऑइल गळून किंवा जळून निम्मं झालं तरी टक्क्यांचा हिशेब तसाच चालू राहतो. ऑइलची दांडी ओढून बघणं अजूनही तुमचंच काम.

ऑइलचा दर्जा नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, अस्सल ऑइल भरलंय हे गृहीत धरलेलं असतं. सुटं, कुठल्याही कॅनमधलं ऑइल भरलं तर साठ्याचा मूळ आकडाच खोटा ठरतो.

रीसेट नाही. ऑइल बदललं आणि मेकॅनिक रीसेट करायला विसरला तर गाडी जुन्या ऑइलचाच हिशेब पुढे ओढते. ऑइल न बदलता कुणी रीसेट केलं तर त्याहून वाईट.

आणि डिझेलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर अनेक डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर आला. तो साफ करण्यासाठी इंजिन अधूनमधून जास्तीचं डिझेल उशिरा फवारून तो फिल्टर तापवतं. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरू शकतं. गाडी छोट्या फेऱ्यांतच फिरत असेल तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि दांडीवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका, ऑइलमध्ये डिझेल आलंय. अशा गाडीला आठवड्यातून एकदा चांगली लांब फेरी मिळाली तर फायदाच होतो.

ज्या गाडीला हा दिवाच नाही

जव्हार-मोखाड्यातल्या बहुतेक गाड्या अशाच. त्यांच्यासाठी हा सगळा विचार एका वहीत बसवता येतो.

ट्रॅक्टरचा नियम जीपला लावा : किलोमीटरबरोबर तासही लिहा. ताशी सरासरी ५० ने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. घाटात सरासरी २५ पडत असेल तर तेच १०,००० किलोमीटर म्हणजे ४०० तास, इंजिनाने दुप्पट वेळ राबणं. गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ अशा नावाचं वेगळं कोष्टक सहसा असतं. डोंगराळ रस्ता, धूळ, जड वजन, छोट्या फेऱ्या हे त्यात मोडतं. इथल्या गाड्यांनी तेच कोष्टक आपलं मानावं, कारण पुस्तिकेतल्या ‘सर्वसाधारण वापरा’च्या व्याख्येत इथला रोजचा रस्ता बसतच नाही.

‘मग दर २,००० ला बदलून टाकू, सुरक्षित!’ असं कुणी म्हणेल. त्यालाही किंमत आहे. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या गाडीला प्रत्येक ऑइल चेंज म्हणजे दोन-तीन दिवसांची शिल्लक. शिवाय निघालेलं जळकं ऑइल जातं कुठे? नियमांनुसार ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. प्रत्यक्षात काही लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासलं जातं, काही जमिनीत ओतलं जातं, आणि पहिल्या पावसात ओहोळाला लागतं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी जिथे पायपीट करावी लागते तिथे हा खर्च हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. लवकर बदलण्याची किंमत आणि उशिरा बदलण्याची किंमत दोन्ही खऱ्या आहेत. उशिराची जास्त मोठी, म्हणून थोडं अलीकडे झुकायचं, पण किती, ते मोजून ठरवायचं.

यातून एक संशोधनाचा प्रश्न

श्वार्ट्झ-स्मोलेन्स्की यांचं काम अमेरिकेतल्या गाड्या आणि वापर समोर ठेवून झालं. समीकरणाचा सांगाडा इथेही चालेल, कारण रसायनशास्त्र तेच आहे. पण गुणक इथल्या रस्त्यावर तेच येतील का, हे ऑइल तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. एखादं मॉडेल ‘बरोबर’ आहे असं म्हणण्याआधी ते कोणत्या परिस्थितीतल्या आकड्यांवर बसवलंय आणि आपण ते कुठे वापरतोय, हे शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

प्रश्न असा मांडता येईल : एकाच मॉडेलच्या, एकाच ऑइलवर चालणाऱ्या गाड्या घ्या. काही जव्हार-मोखाडा-त्र्यंबक घाटमार्गावर, काही पालघर-बोईसरच्या सपाटीवर. ठरावीक तासांनी प्रत्येकीतून थोडं ऑइल काढून टीबीएन, आम्लांक आणि दाटपणा मोजा. मग तपासा की घसरण किलोमीटरशी जास्त जुळते, तासांशी, इंधनाशी, की फेऱ्या आणि तापमानाशी.

रचना करताना आधीच एक अडचण लक्षात घ्या. जुन्या गाड्या वाईट रस्त्यावर आणि नव्या गाड्या चांगल्या रस्त्यावर पाठवण्याची पद्धत असेल तर घाटातलं ऑइल जास्त खराब निघेल, पण ते घाटामुळे की गाडीच्या वयामुळे, हे कळणार नाही. त्यावर उपाय म्हणजे काही महिन्यांनी गाड्यांचे मार्ग अदलाबदल करणं. आणि पावसाळा एकाच गटाच्या वाट्याला येऊ नये हे बघणं.

उपकरणं महाग नाहीत का? टीबीएन आणि आम्लांक या शेवटी टायट्रेशनच्या चाचण्या आहेत. दाटपणाला व्हिस्कोमीटर आणि स्थिर तापमानाचं पात्र लागतं. विद्यापीठातल्या बऱ्याच रसायनशास्त्र विभागांत एवढं जमवता येतं. कठीण आहे ते गाडीमालकाला तयार करणं आणि वर्षभर न चुकता नोंदी ठेवणं.

सुरुवात मात्र आजच करता येईल. घरातली किंवा ओळखीच्या कुणाची एक गाडी निवडा. महिनाभर रोज चार रकाने भरा : किलोमीटर, इंजिन चालू राहिलेला वेळ, किती वेळा थंड इंजिन चालू केलं, आणि डिझेल किंवा पेट्रोल किती भरलं. महिन्याच्या शेवटी चारही रकान्यांवरून ‘ऑइल किती टक्के खर्च झालं’ याचे वेगवेगळे अंदाज काढा आणि ते एकमेकांपासून किती लांब पडतात ते बघा. आकडे आले की कॉमेंटमध्ये टाका, गाडी कोणत्या रस्त्यावर चालते तेवढं सोबत लिहा. पुढच्या लेखात त्यावरच बोलू.